पूर्वरंगातच श्रोते चुळबुळतात

प्रश्न : मी नारदीय कीर्तन शिकते आहे. पाठांतर पक्के असूनही उभी राहिले की घसा कोरडा पडतो आणि पूर्वरंग, म्हणजे कीर्तनाचा पहिला, निरूपणाचा भाग, संपेपर्यंत श्रोते चुळबुळू लागतात. काय करावे?

उत्तर : घसा कोरडा पडणे अनुभवी कलावंतांनाही चुकत नाही. सुरुवातीचे नमन आपल्या आवाजाला सोसेल अशा पट्टीत, संथ लयीत घ्यावे, म्हणजे श्वास स्थिरावतो. पेटी व तबल्याच्या साथीदारांशी पट्टी आधीच ठरवून घ्यावी.

खरी अडचण पूर्वरंगाची आहे. मूळ अभंगाचे निरूपण हा कीर्तनाचा वैचारिक भाग असल्यामुळे तेथे पाठ केलेला मजकूर नुसता म्हणून दाखवला, तर तो फार रुक्ष होतो. एका चरणाला एकच मुद्दा, त्याला एखादा समर्पक दृष्टान्त आणि मुद्दा संपताच पुन्हा ध्रुवपद (अभंगाची परत परत म्हणायची ओळ), एवढे पाळले तरी श्रोत्यांना सूत्र सापडते. संस्कृत वचनांची रास रचू नये. सुशिक्षित कीर्तनकारांना हा मोह जरा जास्तच होतो. नजर पहिल्या रांगेत अडकू न देता सभामंडपाच्या टोकापर्यंत फिरवावी.

पूर्वरंग आणि आख्यान (उत्तररंगात सांगायची कथा) यांच्यामधला नामगजर, म्हणजे देवाच्या नावाचा सामूहिक घोष, मात्र उरकून टाकू नये, कारण तेथे ऐकणारा स्वतः गाऊ लागतो. लय हळूहळू चढवत टाळ्यांचा ठेका सभेवर सोपवावा आणि तो रंगात असतानाच उत्तररंगाची कथा सुरू करावी.