उत्तर: ४१२ ला २३, आणि शनिवारी पुन्हा तसाच सामना

मॅडम, तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुमच्या शाळेचा १४ वर्षांखालचा क्रिकेट संघ, ४० षटकांत ३ बाद ४१२, समोरची शाळा २३ मध्ये गारद. त्याचा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर फिरतोय, मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितलाय, आणि शनिवारी पहिल्यांदाच स्पर्धेत उतरलेल्या शाळेशी गाठ आहे, तेव्हा मुलांना आवरायचं कसं, हा प्रश्न. हे दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. हस्तांदोलन, हरलेल्यांना चिडवू नये वगैरे तुम्ही शिकवलंच असणार, ते सोडून देतो. आधीच सांगतो, प्रत्येक स्पर्धेची नियमावली वेगळी असते. मी सांगतो ते तुमच्या नियमावलीशी ताडून मगच वापरा.

सगळ्यात आधी त्या नियमावलीत ‘नेट रन रेट’ हे शब्द शोधा, म्हणजे षटकामागे आपल्या धावा वजा समोरच्यांच्या धावा. एकतर्फी सामन्यात मुलं शेवटच्या चेंडूपर्यंत मारत सुटतात त्याचं मूळ बहुतेक वेळा तिथे असतं. गटात दोन संघांचे गुण सारखे झाले की रनरेट बघणार, हे कळल्यावर कोणता प्रशिक्षक मुलांना हात आखडता घ्या म्हणेल? पण हिशेब कुणी करत नाही. तो करून बघा.

समजा गटात तुमचे तीन सामने. पहिल्यात ४१२ विरुद्ध २३. दुसरा तुम्ही १६० विरुद्ध १५० असा जिंकलात, तिसरा १४० विरुद्ध १७० असा हरलात, आणि दोन्हींत सगळी षटकं खेळली गेली. रनरेट सामन्यागणिक काढून त्याची सरासरी करत नाहीत. सगळ्या धावांची बेरीज, भागिले सगळी षटकं. तुमच्या ७१२ धावा १२० षटकांत, म्हणजे ५.९३. समोरच्यांच्या ३४३ धावा, त्याही १२० षटकांत, कारण सर्वबाद झालेल्या संघाची पूर्ण षटकं धरतात. म्हणजे २.८६. फरक अधिक ३.०७. आता पहिल्या सामन्यात ४१२ ऐवजी २५० वर थांबला असतात तर? अधिक १.७२. आणि तुमच्याइतकेच गुण असलेला, दोन सामने ४०-४० धावांनी जिंकून एक १० धावांनी हरलेला संघ कुठे असता? अधिक ०.५८ वर. म्हणजे वरच्या १६२ धावांचा तुम्हाला काडीचा उपयोग नव्हता. शनिवारच्या आधी तुमच्या गटाचं हे गणित कागदावर मांडा आणि कर्णधाराला आकडा सांगून ठेवा: इतक्या झाल्या की पुरे. नुसतं ‘जास्त मारू नका’ म्हटलं तर तेरा वर्षांच्या मुलाला त्यातून काही कळत नाही.

नाणेफेक जिंकलात तर क्षेत्ररक्षण घ्या. समोरचे ३० करोत की ६०, तुम्ही ३१ किंवा ६१ केल्या की सामना संपला. पाठलागात धावांचा डोंगर रचताच येत नाही. फलंदाजीचा क्रम उलटा करा, एरवी अकराव्या नंबरला पॅड बांधून बसणारा मुलगा सलामीला जाऊ दे. अडचण एकच, दोन तास एसटीने आलेली मुलं तासाभरात परत निघतात. त्यासाठी दोन्ही शाळांची मुलं मिसळून दहा-दहा षटकांचा सामना खेळवा, गुणतक्त्याच्या बाहेरचा. पंचांना आधी विचारा, त्यांचं मानधन आणि जेवण दोन्ही ठरलेलं असतं.

नाणेफेक हरलात आणि आधी फलंदाजी आली, तर खरा प्रश्न. पुष्कळ जण म्हणतील डाव घोषित करा. दोन दिवसांच्या सामन्यात कर्णधार चेंडू मृत असताना, म्हणजे दोन चेंडूंच्या मधे, केव्हाही घोषित करू शकतो. मर्यादित षटकांच्या स्पर्धांत मात्र बहुतेक ठिकाणी त्याला बंदी असते. त्यालाही कारण ही असली गणितंच. १९७९ साली इंग्लंडच्या बेन्सन अँड हेजेस चषकात सॉमरसेटच्या ब्रायन रोझने गुण बरोबरीत आल्यास बघितला जाणारा आपला बळींचा दर सांभाळायला एका षटकानंतर बिनबाद १ वर डाव घोषित केला. वूस्टरशायरने दहा चेंडूंत सामना जिंकला आणि सॉमरसेटला स्पर्धेतून काढून टाकलं. तेव्हापासून हा दरवाजा बंद आहे.

मग लोक निवृत्तीकडे, म्हणजे फलंदाजाने बाद न होताच आत जाण्याकडे वळतात, आणि आम्हाला सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. जरा थांबून वाचा.

समोरच्या शाळेच्या सरांशी तोंडी ठरवायचं, की आमचा मुलगा तीसच्या पुढे गेला की त्याला आत बोलावतो. दोन्हीकडे समाधान. पंचांना मात्र कुणीच काही सांगत नाही. क्रिकेटच्या अधिकृत नियमांतला २५.४ काय म्हणतो? फलंदाज निवृत्त होत असेल तर खेळ पुन्हा सुरू होण्याआधी पंचांना कारण कळवायचं. दुखापत, आजारपण किंवा तसंच अटळ कारण असेल तर तो नाबाद, नंतर परत येऊ शकतो. दुसऱ्या कुठल्याही कारणाने गेला तर प्रतिस्पर्धी कर्णधाराच्या संमतीशिवाय परत येता येत नाही, आणि नाही आला तर गुणपत्रकात ‘निवृत्त – बाद’. आमचे असे चौघे आत गेले, वर सहा विकेट पडल्या, की ३१ षटकांत २३८ वर डाव संपला. संमती द्यायची कुणी? बारा वर्षांच्या कर्णधाराने. तो सरांकडे बघतो, सर पालकांकडे बघतात, आणि सकाळचं तोंडी ठरलेलं तिथेच विरतं. पुढचं त्याहून वाईट. डाव सर्वबाद, म्हणून रनरेटला षटकं ३१ नाही, ४० धरली जातात. ७.६८ चे झाले ५.९५. उपांत्य फेरी गेली ती दशांशात.

त्यानंतर स्पर्धेच्या कार्यालयात जे चालतं त्यावर वेगळा धागा होईल. नियमावलीची प्रत मागितली तर ‘सामन्याच्या दिवशी मिळेल’. अर्जावर शाळेचा शिक्का पुसट आला म्हणून अर्ज परत. शिक्का उठून आला, तर ‘साहेब दौऱ्यावर’. शेवटी ‘पंचांचा निर्णय अंतिम’, जणू तक्रार पंचांविरुद्ध होती. तक्रार एवढीच होती की समोरच्यावर दया दाखवणाऱ्या संघाला शिक्षा होते, तेव्हा नियम बदला. एका ओळीचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. मुलांनी विचारलं, ‘सर, मग आपण मारतच राहायला हवं होतं का?’ याला शिक्षकाने काय सांगायचं, हे त्या खुर्चीतल्या माणसाला एकदा विचारावंसं वाटतं.

म्हणून निवृत्ती वापरायचीच असेल तर तीन गोष्टी सामन्याआधी, दोन्ही कर्णधार, दोन्ही शिक्षक आणि दोन्ही पंच एकत्र असताना: किती धावांवर किंवा किती चेंडूंवर निवृत्त व्हायचं, परत येण्याची संमती आत्ताच दिलेली आहे, आणि निवृत्त मुलगा सर्वबाद मोजताना धरायचा की नाही. शेवटचा मुद्दा स्पर्धेच्या नियमाविरुद्ध जात असेल तर पंच मान्य करणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मग निवृत्तीचा नाद सोडा. कागदावर सह्या घ्या, आणि गुणलेखकाला तो कागद दाखवा. गुणलेखकाला नेहमी विसरतात आणि घोळ तिथेच होतो.

निवृत्तीविना धावा आवरायच्या तर खेळ बदला, पण प्रामाणिक राहून. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डावखुरा उभं राहणं, मुद्दाम चेंडू सोडून त्रिफळा उडवून घेणं, सोपा झेल टाकून हसणं, यातलं काहीही करू देऊ नका. समोरच्या मुलाला ते लगेच कळतं, आणि चारशे धावांपेक्षा ते जास्त लागतं. त्यापेक्षा मुलांना अवघड काम द्या: ठरलेल्या आकड्यानंतर चेंडू हवेत मारायचा नाही, फक्त मिड-ऑफ ते मिड-ऑन या पट्ट्यात, म्हणजे गोलंदाजाच्या दिशेने सरळ खेळायचं. ओव्हरथ्रोवर धाव नाही, यष्टिरक्षकाच्या हातून सुटलेल्या चेंडूवर धाव नाही. हा सरावच आहे, नाटक नव्हे.

गोलंदाजीत तर दयेपेक्षा सुरक्षेचा प्रश्न आहे. पहिल्यांदा खेळणाऱ्या शाळेतली अर्धी मुलं टेनिस बॉलवर वाढलेली असतात. अकरा जणांत हेल्मेट दोन, तीही मापाची नसतात. पोराने मान हलवली की जाळी डोळ्यांवर येते. तुमचा सगळ्यात वेगवान गोलंदाज सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा कडक चेंडू, घेऊन पूर्ण पळत आला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. आखूड टप्प्याचा मारा धोकादायक आहे का हे ठरवताना पंचांनी फलंदाजाचं कौशल्यही लक्षात घ्यायचं असतं, हे नियम ४१.६ मध्येच आहे. दोन-तीन षटकांनंतर फिरकीवाले आणा, ज्यांनी वर्षभर चेंडू हातात घेतलेला नाही त्यांना द्या. बळी नियमाप्रमाणे घ्या, पण प्रत्येक चेंडूवर अकरा जणांचं ओरडणं बंद.

आणखी एक गोष्ट, जी कुणाच्या लक्षात येत नाही. तुम्ही षटकार मारता, तो चेंडू आणायला समोरचं छोटं पोरगं नाल्यापर्यंत धावतं. त्यात वेळ जातो, षटकं वेळेत पूर्ण होत नाहीत आणि मार खाणाऱ्या संघालाच दंड बसतो. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात एक शाळा ७ धावांत सर्वबाद झाली, एकाही फलंदाजाच्या नावावर धाव नव्हती, सातही अवांतर. तो निकाल सगळीकडे छापून आला. पण समोरच्यांच्या ७६१ मध्ये १५६ धावा संथ षटकगतीच्या दंडाच्या होत्या, हे फार थोड्यांनी वाचलं. तेव्हा तुमचे राखीव खेळाडू सीमारेषेबाहेर चार बाजूंना उभे करा, चेंडू त्यांनी परत द्यायचा. जवळ तेवढेच जुने झालेले दोन चेंडू ठेवा, हरवला तर पंचांकडे लगेच देता येतात.

महाराष्ट्रात आकड्यांचं कौतुक फार, हे इथे बोललंच पाहिजे. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने नाबाद १००९ केल्या, संघाच्या ३ बाद १४६५. समोरची शाळा ३१ आणि ५२ मध्ये बाद. त्या मुलाचा त्यात काडीचा दोष नाही, तो समोर आलेला चेंडू खेळला. दोन दिवसांचा सामना होता, डाव घोषित करणं मोठ्यांच्या हातात होतं, पण विक्रम जवळ आला की मोठी माणसंच सीमारेषेवर मोबाईल घेऊन उभी राहतात. चेंडू आणायला धावणाऱ्या मुलांचा फोटो कुणी काढला नाही. उलटी बाजूही आपल्याकडचीच. १९४८ साली पुण्यात रणजी सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर असताना काठियावाडने सामनाच सोडून दिला. एका डावातला ब्रॅडमनच्या ४५२ चा तेव्हाचा विक्रम नऊ धावांवर राहिला. सामना सोडणं नियमात बसतं, पराभव मान्य केला की पंच समोरच्याला विजय देतात. हरणाऱ्या शाळेच्या शिक्षकांनीही हा पर्याय लाज न बाळगता लक्षात ठेवावा, विशेषतः मुलांना लागायला लागलं तर. फक्त काही स्पर्धांत सामना सोडल्यास पुढच्या वर्षी प्रवेश नाही असं कलम असतं, ते बघा.

बाकी खेळांनी हे केव्हाच सोडवलंय. मॅटवरच्या फ्रीस्टाइल कुस्तीत दहा गुणांचा फरक झाला की लढत थांबते. खो-खोत आक्रमक संघाचा कर्णधार वेळ संपायच्या आत आपली पाळी संपवू शकतो, आणि ‘एक डाव राखून’ जिंकणं ही तर शाबासकी आहे. हरणाऱ्यांची दमछाक वाचते आणि जिंकणाऱ्यांचं काही कमी होत नाही. शालेय क्रिकेटमध्ये असं कलम घालायला कुणाचा विरोध असावा, मला कळत नाही.

तुम्हाला या वर्षी नियम बदलता येणार नाही. मधेच बदलणं इतर शाळांवर अन्याय होईल. पुढच्या वर्षी प्रवेशिका भरायच्या आधी, व्यवस्थापकांच्या बैठकीत, किमान चार शाळांच्या सह्यांनी दोन मागण्या द्या: गुण समान असतील तर आधी आपसातल्या सामन्याचा निकाल बघावा, आणि रनरेटला एका सामन्यातला फरक जास्तीत जास्त १०० धावांचा धरावा. वरच्या उदाहरणात १०० ची मर्यादा लावली तरी तुम्ही ०.६७ वर राहता, ०.५८ च्या पुढेच. एकट्या शाळेचा अर्ज नेऊ नका, तो टेबलाखाली जातो. पोच घ्या, तारखेसकट.

मुख्याध्यापकांना खुलासा अर्ध्या पानाचा द्या. नियमावलीतलं रनरेटचं कलम जसंच्या तसं, डाव घोषित करता येतो की नाही ते, आणि शनिवारी काय वेगळं करणार ते. मुलांची नावं त्यात घालू नका. व्हिडिओतल्या तुमच्या मुलाने बॅट उंचावून जे केलं ते चुकलंच, पण ते त्याच्याशी एकट्याशी बोला, पालकांच्या ग्रुपवर नाही. आणि ज्याने व्हिडिओ टाकला त्याला तो काढायला सांगा, त्यात दुसऱ्या शाळेची रडणारी मुलं दिसतात.

शनिवारच्या शाळेच्या सरांना गुरुवारीच फोन करा. किती मुलं सीझन बॉलवर खेळली आहेत, हेल्मेट किती आहेत, आणि परतीची गाडी कितीची आहे, एवढंच विचारा. हेल्मेट कमी असतील तर तुमची दोन-तीन आदल्या दिवशीच वेगळी काढून ठेवा, लहान मापाची.