बर्फाच्या चाचणीआधी आम्ही केलेली चूक

ताई, थंडीत स्कूटीवरून शाळेत पोचेपर्यंत तुमच्या लेकीच्या गालांवर, मांड्यांवर गांधी उठतात आणि पहिला तास संपेस्तोवर मावळतात, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि पुण्यातल्या होळकर पुलावरचे आमचे हिवाळे आठवले. माझ्या लेकालाही गार वाऱ्यानं अशाच गांधी उठायच्या, तेव्हा तो सात वर्षांचा होता. स्वेटर-कानटोपीचं कुणीही सांगेल, ते सोडते.

आमचं वर्ष एका गोळीपायी गेलं. गांधी थंडीनंच उठतात का, हे बघायला बर्फाची चाचणी तुम्हाला सांगितली असेलच : पिशवीतला बर्फ हातावर ५ मिनिटं, मग काढून १० मिनिटं वाट बघायची. आदल्या रात्री पोरगं खाजवून बेजार, म्हणून मीच सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी दिली. ती गोळी नेमकी गांधच दाबते. चाचणीआधी काही दिवस बंद ठेवावी लागते. त्या दवाखान्यात कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. हातावर काही उठलंच नाही. ‘थंडीचं नाही, साधं पित्त आहे,’ म्हणाले आणि पथ्याचा छापील कागद हातात दिला.

आपल्याकडे या शब्दानंच घोळ होतो. पित्त म्हटलं की दही बंद, चिंच बंद, अंडं बंद. सासूबाई रोज आमसुलाचं पाणी अंगाला चोळायच्या. ओल्या अंगाला वारा लागून आणखी गांधी!

मग मे महिन्यात पोहायला नेलं. बाहेर रणरणतं ऊन, म्हणून मी निर्धास्त. पाण्यातून आला तो ओठ सुजलेले, ‘आई, गरगरतंय’ म्हणत काठावरच बसला. सगळं अंग एकदम गार पाण्यात गेलं की रक्तदाबही कोसळू शकतो, हे त्या दिवशी कळलं. दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी थांबवून पुन्हा चाचणी केली, तर बर्फाच्या खड्याएवढी फुगीर चौकट उठली. मला रडूच आलं.

मी डॉक्टर नाही, पण गांधी मावळायच्या आत फोटो काढा. घरी बर्फ लावून बघू नका. निदान होईस्तोवर पोहणं आणि बर्फाचा गोळा बंद. तो खाल्ल्यानं जीभ, घसा सुजू शकतो. जोराच्या ॲलर्जीत द्यायचं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन जवळ ठेवायचं का, हे स्वतःहून विचारा. शाळेचं म्हणाल तर आमच्या शाळेनं कवायतीला फुल पँट घालू द्यायला तीनदा सर्टिफिकेट मागितलं, त्यावर वेगळं लिहीन.

आणि हो, कधी ऑपरेशन करायची वेळ आली तर भूल देणाऱ्यांना आधी सांगा. गार सलाईननंही त्रास होऊ शकतो.