थंडीत हाताची बोटे पांढरी पडतात, याचे कारण काय आणि निदान कसे होते?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय 24 आहे, थंड पाण्यात हात घातला की दोन-तीन बोटे खडूसारखी पांढरी होऊन बधिर पडतात आणि घरचे ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या देतात. हे शेवटचे वाक्य वाचले नसते, तर मी उत्तर लिहायला बसले नसते.

रक्त कमी असले की हात फिकट दिसतात, परंतु ठरावीक पेरापर्यंत रेघ ओढल्यासारखा पांढरेपणा त्याने येत नाही. शरीराची ऊब टिकावी म्हणून थंडीत सर्वांच्याच त्वचेतील लहान धमन्या आकसतात. काहींच्या इतक्या आवळतात की बोटातला रक्तप्रवाह काही मिनिटे जवळजवळ थांबतो. म्हणून बोट आधी पांढरे पडते, अडकलेल्या रक्तातील प्राणवायू संपत गेला की निळसर होते आणि धमन्या पुन्हा उघडल्या की लाल होऊन ठणकते. फ्रेंच डॉक्टर मॉरिस रेनॉड यांनी 1862 मध्ये याचे वर्णन केले, म्हणून याला त्यांचेच नाव आहे.

मी पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये प्रतवारीच्या कामावर देखरेख करत असे. निफाड तालुक्यातील थंडी काय असते, हे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील पाऱ्याचे आकडे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात वाचणाऱ्यांना सांगायला नको. त्यात आमची ये-जा थेट शीतगृहात. वयाच्या 41 व्या वर्षी माझ्या उजव्या हाताची बोटे पांढरी पडू लागली. माझ्या दिरांचे औषधांचे दुकान आहे. त्यांनी बोटे नीट पाहिलीसुद्धा नाहीत, टॉनिकची बाटली पुढे केली आणि घरातल्या सर्वांसमोर सांगितले की थंडी सगळ्यांनाच वाजते, वहिनींना सोसत नाही एवढेच. पुढचे दोन हिवाळे मी ते टॉनिक घेतले. त्या काळात बोटे सुजल्यासारखी जाड होत गेली आणि लग्नातली अंगठी शेवटी सराफ बाजारात सोनाराकडून कापून काढावी लागली. जेवणानंतर छातीत जळजळ होई, तिचा बोटांशी संबंध असेल असे मनातही आले नाही. तर्जनीच्या टोकाला झालेली बारीक जखम दीड महिना भरली नाही, तेव्हा मी कोणालाही न विचारता नाशिकला संधिवाततज्ज्ञांकडे गेले.

त्यांनी नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब ठेवून भिंगाच्या उपकरणातून पाहिले. तिथल्या केशवाहिन्या निरोगी माणसात केसांच्या पिनांसारख्या ओळीने दिसतात. माझ्या काही फुगलेल्या होत्या आणि काही जागी नव्हत्याच. मग रक्ताच्या तपासण्यांत एएनए आणि अँटी-सेंट्रोमिअर ही शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. निदान मर्यादित स्क्लेरोडर्माचे झाले, म्हणजे त्वचा जाड आणि कडक करणाऱ्या व अन्ननलिकेलाही त्रास देणाऱ्या आजाराचे; सुजलेली बोटे आणि जळजळ त्याचीच. या आजारात बोटांची तक्रार इतर लक्षणांच्या आधी कित्येक वर्षे असू शकते. त्यामुळे नखांकडे न पाहता, एकही तपासणी न करता जो ‘रक्त कमी आहे’ म्हणतो, तो निदान करत नाही, रुग्णाला गप्प बसवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुम्ही त्रास होत असतानाच बोटांचे फोटो काढून ठेवा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत रंग पूर्ववत होतो. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून स्वतःची परीक्षा घेण्याची गरज नाही. चालू असलेली सर्व औषधे सांगा, कारण रक्तदाबाची काही बीटा-ब्लॉकर औषधे, अर्धशिशीवरील अर्गोटामाइन आणि सर्दीत नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्यांनीही धमन्या आवळतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ग्राइंडरसारखे कंप पावणारे यंत्र धरून काम करत असाल, तर तेही सांगा. विडी, सिगारेट किंवा तंबाखू चालू असेल तर ती बंदच करावी लागेल. तंबाखूमुळे होणाऱ्या बर्गर्स आजारात बोटे काळी पडून गमवावी लागू शकतात. थायरॉईडची तपासणीही करून घ्यावी.

मात्र घाबरू नका. तुमच्यासारख्या तरुण वयात, दोन्ही हातांना सारखाच त्रास, जखमा नाहीत आणि केशवाहिन्या व एएनए सामान्य, असे असेल तर तो बहुधा प्राथमिक, म्हणजे मागे दुसरा आजार नसलेला, प्रकार असतो. तोच अधिक आढळतो आणि बोटांना इजा न करता हातमोजे, पायमोजे आणि अंग उबदार ठेवल्याने बराच आटोक्यात राहतो. बधिर बोटे शेकोटीवर धरू नका, चटका कळत नाही; कोमट पाण्यात किंवा काखेत धरा. त्रास जास्त असेल तर डॉक्टर धमन्या सैल करणारे निफेडिपिन देतात. नुसती एएनए सकारात्मक आली म्हणून आजार सिद्ध होत नाही, ती निरोगी माणसातही येते.

आणि लोहाच्या गोळ्यांबद्दल: तपासणीत हिमोग्लोबिन खरोखरच कमी निघाले तर त्या अवश्य घ्या. माझे पहिल्याच हिवाळ्यात 12.4, म्हणजे सामान्य होते. तो कागद दिरांनी टॉनिक दिले त्या दिवशी माझ्या पर्समध्येच होता आणि मी तो सर्वांसमोर उघडायला हवा होता.