‘आजीवन’ लायसन्सचं आयुष्य चार वर्षं

प्रश्न : मॅडम, मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी करतो. जुनी रेकॉर्डिंग साफ करणं हा माझा छंद. (कधीमधी ओळखीच्यांची पैसे घेऊनही करून देतो.) २०२१ मध्ये एका कंपनीचं ऑडिओ एडिटर विकत घेतलं. जाहिरातीत ‘लाइफटाइम’ असं ठळक लिहिलं होतं. गेल्या नोव्हेंबरात लॅपटॉप बदलला, तर नव्या मशीनवर ते ॲक्टिव्हेट होईना. कंपनीचं म्हणणं, जुन्या आवृत्तीचा ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केला आहे, आता वार्षिक सबस्क्रिप्शन घ्या. माझे दोनशेच्या वर प्रोजेक्ट त्यांच्याच फॉरमॅटमध्ये अडकलेत, दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर ते उघडत नाही. आधी नेटवरून क्रॅक केलेली कॉपी उतरवली, आठवडाभर वापरली आणि व्हायरसच्या भीतीने काढून टाकली. मग स्वतःच बसून सर्व्हरची तपासणी वगळणारा छोटा पॅच लिहिला. तो चालतो. माझं मत असं की पैसे मोजले म्हणजे वस्तू माझी, तिचं कुलूप उघडायला कुणाची परवानगी कशाला? माझ्यासारखे अनेक जण अडकलेत, म्हणून पॅच सगळ्यांसाठी खुला करावा म्हणतो. पण डीएमसीएबद्दल वाचून धाकधूक वाटते. मी गुन्हा केलाय का? पैसे परत मिळतील का? आणि जुना लॅपटॉप या सॉफ्टवेअरसकट भाच्याला द्यायचाय, ते तरी चालेल ना?

उत्तर : तुमच्या पत्रातला निम्मा कायदा अमेरिकेचा आहे. डीएमसीए हा तिथला डिजिटल कॉपीराइटचा १९९८चा कायदा. कुलूप का उघडलं हे फारसं न विचारता तो दोष धरतो, आणि त्यातल्या बऱ्याच सवलती दर तीन वर्षांनी नव्याने मागाव्या लागतात. तंत्रज्ञानावरचं आपलं बहुतेक वाचन तिकडून येतं, त्यामुळे इथली मंडळीही त्याच धाकात वावरतात. तुम्ही भारतात राहता, तुम्ही जोडलेल्या बिलावर कंपनीचा इथला पत्ता आणि जीएसटी क्रमांक आहे. तेव्हा आपण आपला प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ उघडू. तो तुमच्या बाजूने तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बराच जास्त बोलतो.

आधी ‘वस्तू माझी’ या मताबद्दल. कायद्याच्या लेखी संगणकाचा प्रोग्राम ही साहित्यकृती आहे. पुस्तक विकत घेतलं की प्रत तुमची होते, ते छापून विकण्याचा हक्क होत नाही. इथंही तसंच. कंपन्या करारात लिहितात, ‘हे विकलेलं नाही, फक्त वापरायला दिलं आहे.’ सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात बाजारात तयार मिळणारं सॉफ्टवेअर म्हणजे ‘माल’ असं ठरवलं, आणि २०२१ मध्ये इंजिनिअरिंग ॲनालिसिसच्या निकालात कागदावर लायसन्स म्हटलं तरी अशा व्यवहारात प्रताधिकार नव्हे, तर प्रताधिकारित वस्तूची प्रत विकली जाते, असं सांगितलं. हे दोन्ही खटले करांचे होते, त्यामुळे ते जसेच्या तसे तुमच्या प्रकरणाला चिकटवता येणार नाहीत. पण ‘तुमच्याकडे काहीच नाही, फक्त आमची मेहरबानी आहे’ असं कंपनी म्हणू लागली तर हे निकाल टेबलावर ठेवायला फार उपयोगी पडतात. थोडक्यात, प्रत तुमची आहे. प्रोग्राम तुमचा नाही.

आता पॅच. २०१२च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ६५अ आलं. प्रताधिकाराच्या रक्षणासाठी बसवलेला तांत्रिक अडसर ओलांडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, अशी त्यात तरतूद आहे. एवढंच वाचून लोक घाबरतात. पण त्याच वाक्यात ‘हक्कभंग करण्याच्या हेतूने’ असे शब्द आहेत, आणि पुढच्याच पोटकलमात म्हटलंय की या कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कारणासाठी अडसर ओलांडला तर हे कलम आड येत नाही. म्हणजे कुलूप कसं उघडलं यापेक्षा आत जाऊन काय केलं हे आपला कायदा पाहतो.

तुम्ही आत जाऊन काय केलंत? विकत घेतलेला प्रोग्राम वापरलात. कलम ५२(१)(कक) पाहा (इंग्रजी मसुद्यात हे ‘एए’ आहे). प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याने, ती ज्या कामासाठी पुरवली गेली त्याच कामासाठी वापरता यावी म्हणून तिची नक्कल केली किंवा तिच्यात फेरफार केला, तर तो हक्कभंग नाही. रेकॉर्डिंग साफ करायला घेतलेल्या प्रोग्राममध्ये, रेकॉर्डिंग साफ करता यावं म्हणून केलेला बदल याच चौकटीत बसतो, असं माझं मत आहे. तुम्ही बिलाचा फोटो जोडलात ते बरं झालं. त्यावर ‘परपेच्युअल, १ युजर’ (म्हणजे कायमचं, एका माणसासाठी) असं आहे, ‘१ डिव्हाइस’ असं नाही. तो एक शब्द वेगळा असता तर नव्या लॅपटॉपवर ते टाकण्याचा तुमचा हक्कच मला आधी सिद्ध करावा लागला असता.

त्याच कलमात पुढे ‘एडी’ नावाचं आणखी एक उपकलम आहे. वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठी स्वतःच्या कायदेशीर प्रतीवरून नक्कल वा फेरफार करायला ते मुभा देतं. नेटवर सगळे याचाच हवाला देतात. तुम्ही देऊ नका, कारण तुम्ही कंसात जे लिहिलंत तिथंच घोडं पेंड खातं. ओळखीच्यांकडून पैसे घेता ना? मग तो वापर बिगरव्यापारी राहत नाही. आधीच्या उपकलमात अशी अट नाही, म्हणून तुमची भिस्त त्यावरच हवी.

कंपनी करारातलं ‘कोणताही फेरफार करू नये’ हे वाक्य पुढे करेल. युरोपीय संघाच्या सॉफ्टवेअरविषयक निर्देशात बॅकअप घेण्यासारखे काही हक्क कराराने काढून घेता येत नाहीत, असं लिहूनच ठेवलंय. आपल्या कायद्यात असं वाक्य नाही. त्यामुळे पॅच लिहिणं माझ्या मते गुन्हा नाही, पण कराराचा भंग झाल्याचा दावा कंपनी करू शकते. तो दावा करताना तिला आधी स्वतः ‘आजीवन’ विकून सर्व्हर का बंद केला, हे सांगावं लागेल. त्या उत्तरासाठी कुठली कंपनी आपणहून न्यायालयात जाईल असं मला वाटत नाही.

क्रॅक केलेल्या कॉपीचं मात्र वेगळं आहे. ती तुमच्या प्रतीची नक्कल नव्हे, तिसऱ्याच कुणी बेकायदा केलेली प्रत आहे. हक्कभंग करून तयार झालेली प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणं हा कलम ६३ब खाली स्वतंत्र गुन्हा आहे. सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर फायद्यासाठी वा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. तेव्हा ती काढलीत ते उत्तम केलंत. ‘आधी क्रॅक वापरून पाहिला’ हा किस्सा आता कंपनीच्या मेलमध्ये किंवा आणखी कुठे रंगवून सांगू नका.

पॅच खुला करण्याचा विचार तर सोडूनच द्या. तुमचा हेतू चांगला आहे हे मला पटतं, पण हे हात दाखवून अवलक्षण होईल. कलम ६५अ मधल्या ज्या सवलतीवर मी तुम्हाला उभं केलं, तिलाच एक शेपूट आहे. दुसऱ्या कुणाला असा अडसर ओलांडायला मदत करायची असेल, तर त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील आणि त्याचं कारण यांची संपूर्ण नोंद मदत करणाऱ्याने ठेवायची. खुल्या डाउनलोडला कसली आलीय नोंदवही? शिवाय तो उतरवणाऱ्या शंभरातल्या किती जणांकडे बिल आहे, हे तुम्हाला कळणार नाही. बदललेली पूर्ण फाइलच ठेवलीत तर कंपनीचा कोड वाटल्याचा सरळ हक्कभंग झाला. त्यात ती अमेरिकी साइटवर ठेवलीत, की ज्या डीएमसीएतून मी तुम्हाला मघाशी बाहेर काढलं त्यातच तुम्ही परत शिरलात. तिथं कंपनीची नोटीस आली आणि तुम्हाला हरकत घ्यायची असेल, तर खोटं निघाल्यास शपथभंगाची जोखीम पत्करून आणि तिथल्या न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करूनच ती घ्यावी लागते.

दुसऱ्यांना मदत करायची तुमची हौस खरी असेल, तर याहून चांगली वाट आहे. तुमचं दुखणं ॲक्टिव्हेशनपेक्षा त्या दोनशे प्रोजेक्टचं आहे. स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्राम मूळ प्रोग्रामबरोबर चालावा यासाठी लागणारी माहिती मिळवायला जे करणं आवश्यक आहे ते करायला कलम ५२(१) मधलं ‘एबी’ हे उपकलम परवानगी देतं. अट दोनच : तुम्ही कायदेशीर धारक असावं आणि ती माहिती एरवी सहज उपलब्ध नसावी. तो फॉरमॅट समजून घ्या आणि त्या फाइल उघडून खुल्या फॉरमॅटमध्ये बदलणारा कन्व्हर्टर पहिल्या ओळीपासून स्वतः लिहा. कंपनीच्या कोडची एक ओळही त्यात येऊ देऊ नका. तो खुशाल जगाला वाटा. टेस्टिंगमधल्या माणसाला हे काम जड जाऊ नये.

आता पैशांचं. इथं प्रताधिकार बाजूला ठेवा आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हातात घ्या. ‘लाइफटाइम’ म्हणून विकायचं आणि चार वर्षांनी सर्व्हर बंद करून सबस्क्रिप्शन पुढे करायचं, ही दिशाभूल करणारी जाहिरात, अनुचित व्यापारी प्रथा आणि सेवेतली त्रुटी आहे, अशी मांडणी करता येते. एक खाचखळगा लक्षात ठेवा. एकतर्फी, सबळ कारणाशिवाय करार संपवण्याची मुभा देणारी अट या कायद्याने ‘अनुचित करार’ ठरू शकते, पण अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. रक्कम लहान असताना तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. त्रुटी आणि अनुचित प्रथा एवढ्यावरच जिल्हा आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच ती करता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही लागत नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. ‘वाद फक्त लवादाकडे’ हे करारातलं कलम आयोगाला अडवत नाही, हे सर्वोच्च न्यायालयात एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात पक्कं झालं आहे.

त्याआधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. सोबत १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठेवा, पुष्कळदा तेवढ्यानेच कंपनीला जाग येते. मागणी नेमकी हवी : एकतर नव्या मशीनवर कायमचं ऑफलाइन ॲक्टिव्हेशन द्या, नाहीतर पूर्ण रक्कम परत करा. पत्राचा मजकूर साधा ठेवा, सॉफ्टवेअर स्वातंत्र्यावरचं तुमचं चिंतन त्यात घालू नका. आयोगासमोर तक्रार करण्याची मुदत दोन वर्षं, आणि ती तुम्ही विकत घेतलंत त्या दिवसापासून नव्हे, तर दाद मागण्याचं कारण घडलं तेव्हापासून मोजायची. ॲक्टिव्हेशन नाकारल्याचा पहिला मेल नोव्हेंबरातला आहे, तोच जपून ठेवा.

इथंही तो कंस आडवा येईल. व्यापारी हेतूने घेणारा माणूस ‘ग्राहक’ नसतो. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेल्याला सवलत आहे, पण तुमचं पोट नोकरीवर आहे. खरेदी छंदासाठी होती आणि कामं अधूनमधून मिळाली, हेच सत्य आहे, तेच प्रतिज्ञापत्रावर लिहा. वर्षाकाठी चार-दोन कामांनी ग्राहकपण जाऊ नये, पण लपवलंत आणि बँकेच्या उताऱ्यात सापडलं तर सगळी तक्रार संशयात येईल.

पुराव्याचं काम तुमच्या आवडीचं आहे. जाहिरातीचं पान, बिल, मेल, ‘ॲक्टिव्हेशन फेल्ड’चा स्क्रीनशॉट हे सगळं आजच उतरवून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राचा नमुनाच दिलाय, आणि त्यात फाइलची हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) लिहायला रकाना आहे. ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याला काटेकोर बांधलेला नसतो, तरी प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ पद्धतीची हॅश काढून ठेवा. आमच्यातल्या निम्म्या वकिलांना तो रकाना भरताना घाम फुटतो, तुम्हाला एका कमांडचं काम.

राहिला भाचा. कंपनीच्या हक्कांच्या यादीत प्रत ‘विकणं’ आणि ‘व्यापारी भाड्याने देणं’ आहे, घरात भेट देणं नाही. पण तुमचा सगळा बचाव ‘कायदेशीर धारक’ या दोन शब्दांवर उभा आहे, आणि लायसन्स एका युजरचं आहे. जुन्या लॅपटॉपवरचं चालू सॉफ्टवेअर भाच्याला दिलंत की धारक तो झाला, आणि तुमच्या नव्या मशीनवरच्या पॅच केलेल्या प्रतीला आधार उरला नाही. तेव्हा लॅपटॉप द्या, पण त्याआधी जुनी प्रत ॲक्टिव्हेट असल्याचा स्क्रीनशॉट काढा, सगळे प्रोजेक्ट उतरवून घ्या आणि सॉफ्टवेअर काढून टाका. खरं तर कंपनीचं उत्तर येईपर्यंत महिनाभर थांबलात तर बरं. ॲक्टिव्हेट असलेली ती एकमेव प्रत आयोगासमोर दाखवायला हाताशी असू द्या.