पडीक रानात बाग करताना
पडीक वावरात फळबाग लावायची, तर रोपांची यादी आत्ता बाजूला ठेव. वावर इतकी वर्षं पडून आहे, तेव्हा आधी हरळीचं, त्या चिवट तणाचं बघ. उन्हाळ्यात खोल नांगरट करून काशा, म्हणजे तिची जमिनीतली खोडं, वेचून काढ. रोटाव्हेटर, म्हणजे ट्रॅक्टरचं फिरत्या पात्यांचं अवजार, मारायचा मोह आवर, त्यानं तुकडे होऊन हरळी उलट पसरते. लव्हाळा हे दुसरं तण, त्याच्या जमिनीतल्या गाठी एका हंगामात जाणार नाहीत, चिकाटी हवी. माती परीक्षण कर, पण नमुना बांधाजवळचा किंवा जुन्या उकिरड्याचा नको. पावसावर हिरवळीच्या खतासाठी ताग पेर आणि फुलावर येताच, साधारण ४५ दिवसांनी, मातीत गाडून टाक. पाणी कुठं साचतं तेही याच पावसाळ्यात कळेल. तिथं सीताफळ लावायचं नाही. आंब्याचे खड्डे पुढच्या मे महिन्यात घे, एक मीटरचे. आणि बांधावरची बाभळ राहू दे, मजुरांना सावली तेवढीच आहे.