वाचक विचारतात: पाईपो बुडतोय, जाड प्लाय आणू का?

प्रश्न: काका नमस्कार, आम्ही होनोलुलूला असतो, मुलगा १५ वर्षांचा आहे. जुने लाकडी पाईपो, म्हणजे पोटावर झोपून लाटेवर जायच्या हवाईतल्या फळ्या, बघून त्याने सुट्टीत स्वतः एक बनवला, १२ मिमी मरीन प्लाय, ४ फूट लांब, २० इंच रुंद. पण पाण्यात नेला की त्याच्याखाली बुडतोच, लाट हातची जाते, आणि चुकून मिळालीच तर पुढचं टोक पाण्यात घुसतं. आता जाड प्लायचा नवीन करतो म्हणतोय. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालंय. काय करावं?

उत्तर: ताई, जाड प्लाय अजिबात आणू नका, त्याचा बोर्ड बरोबर आहे. तुम्ही दिलेल्या मापाची फळी साधारण साडेतीन किलो भरेल आणि वर फार तर अजून तेवढंच वजन पेलेल, म्हणजे पोराला तरंगवायचं तिचं कामच नाही. हवाईत पूर्वी कोआच्या, नीरफणसाच्या लाकडाच्या अशाच पातळ फळ्या करायचे आणि पोटावर झोपून लाटेवर जायचे. तरंगणारा फोमचा बूगी बोर्ड तर टॉम मोरींनी १९७१ मध्ये तिथेच बनवला, त्याची सवय झाली की लाकूड बुडाल्यासारखंच वाटतं.

वेग पायातून आणायचा. पोहायचे फिन्स घालून लाट यायच्या आधीपासूनच जोरात पाय मारायचे, एकदा लाटेने ढकललं आणि वेग आला की तेच पाणी खालून फळीला उचलतं, आणि मग ती अशी काही सुटते की फोमवाले मागे राहतात! पातळ कड लाटेच्या भिंतीत रुतते म्हणून फळीच्या खाली दिशा धरणारा फिन नसला तरी आडवं जाता येतं. जाड केलात की नेमकी हीच मजा जाणार.

टोक घुसतंय कारण ते सपाट आहे. आत्ता एवढंच करा, त्याला चार बोटं मागे सरकून झोपायला सांगा आणि टोकाच्या खालच्या बाजूला ६ इंच कानस मारून उतार द्या. पुढच्या वेळी ६ मिमीचे दोन प्लाय घेऊन मध्ये इपॉक्सी लावायचं आणि पुढचा फूटभर भाग साच्यावर दोनेक इंच वर वळवून क्लॅम्पने आवळून रात्रभर ठेवायचा, तसाच वाकडा राहतो.

आणि कडा! माझ्या पहिल्या बोर्डाला मी वर-खाली झकास वॉर्निश मारलं, कडांना नुसता एक हात. महिन्याभरात कडेवर नख फिरवलं तर थर वहीच्या पानांसारखे सुटे लागले, पाणी तिथूनच शिरलं होतं, फार वाईट वाटलं. म्हणून कडा आधी गोल घासा, मागची तर नक्कीच, ती पोटात बसली की श्वास अडकतो, आणि इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या. जवसाचं तेल वापरणार असाल तर तेलाची फडकी चुरगळून टाकू नका हं, आपोआप पेट घेतात, बाहेर पसरून वाळवा.

सँडी बीचला आत्ता नको, तिथली लाट थेट किनाऱ्यावर आपटते, माना मोडल्यात लोकांच्या. वायकीकीला छोट्या लाटा असतील त्या दिवशी, लाइफगार्डला विचारून, गर्दीपासून लांब उतरू दे. लाकूड आहे, दुसऱ्याला लागलं तर जोरात लागतं.