चुलीचा धूर पेशीतल्या जनुकांना कळतो कसा?

तुम्ही विचारलंय की आई अजून पऱ्हाट्यांच्या चुलीवर भाकरी करते, धूर छातीत गेला की पेशी आपणहून अँटिऑक्सिडंट बनवतात असं वाचलं. पण केंद्रकातल्या जनुकांना बाहेरचं कळतं कसं, आणि आईला अँटिऑक्सिडंटच्या (पेशींची हानी रोखणाऱ्या पदार्थांच्या) गोळ्या सुरू कराव्यात का?

मी लातूरला बारावीला जीवशास्त्र शिकवते. मुलांना वाटतं, ताण आला की पेशी नवीन प्रथिन बनवायला घेते. घडतं वेगळंच. बचावाची जनुकं चालू करणारं एनआरएफ-२ हे प्रथिन पेशी सदोदित बनवत असते आणि सदोदित मोडतही असते. साधारण वीस मिनिटांत निम्मं संपतं. कीप-१ नावाचं दुसरं प्रथिन त्याला पेशीद्रवातच धरतं, त्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची ‘मोडीत काढा’ अशी खूण चढते आणि प्रोटिआसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र, त्याचे तुकडे करतं. हौदाला नळ चालू आणि तळाची तोटीही उघडी, असा प्रकार. ताण आला की तळाला बोळा बसतो, एवढंच.

बोळा बसतो कसा? माणसाच्या कीप-१ मध्ये सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल २७ ठिकाणी आहे. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या धुरात अ‍ॅक्रोलिन हे झोंबणारं रसायन असतं. ते यातल्या काही गंधकांना जाऊन चिकटतं. कीप-१ चं काम थांबतं. मग नव्याने बनलेलं एनआरएफ-२ मोडलं न जाता केंद्रकात शिरतं, मॅफ नावाच्या लहान जोडीदार प्रथिनाशी जोडी जमवून डीएनएवरच्या ठरावीक जागी बसतं आणि ग्लुटाथिओन हे पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट बनवणाऱ्या विकरांची जनुकं जोरात चालू होतात. हीम ऑक्सिजनेज-१ या बचाव करणाऱ्या विकराच्या जनुकाचंही तसंच. जपानमध्ये यामामोतो यांच्या गटाने १९९९ मध्ये कीप-१ शोधलं. मला आजही हे वाचताना नवल वाटतं: ज्या विषाने मारायचं, तेच पेशीला सावधगिरीचा इशारा देतं.

आता गोळ्या. क जीवनसत्त्वाची गोळी एनआरएफ-२ चालू करणारी ही कळ दाबत नाही. आणि ही कळ कायम दाबलेली राहणंही बरं नव्हे. कीप-१ नसलेली उंदरांची पिल्लं अन्ननलिकेचं अस्तर जाड होऊन तीनेक आठवड्यांत मेली. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत तर पेशी कीप-१ बिघडवून हीच ढाल स्वतःसाठी वापरतात.

उलट, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार) झालेल्या फुप्फुसांत एनआरएफ-२ चं काम मंदावलेलं आढळतं. म्हणजे वर्षानुवर्षांच्या धुरापुढे ही सोय पुरत नाही. आईसाठी गॅस बघा, नाहीतर निदान धुराड्याची चूल. खोकला हटत नसेल किंवा पायऱ्या चढताना दम लागत असेल, तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि चुलीबद्दल त्यांना आवर्जून सांगा.